काकूंचा आरसा आणि बार्नमधली शेव्हेल

"अगं ए, आहेस का घरात? ये जरा कुंपणाशी. कढीपत्ता घेऊन जा."

काकूंकडे कढीपत्त्याची कुंडी एकच आणि मिशिगनच्या थंडीत ती जगवायला त्या काय काय करतात ते मला ठाऊक आहे. आपणहून पानं द्यायला निघाल्या म्हणजे पोटात काहीतरी मावत नाहीये, हे ओळखून मी गॅस बंद केला आणि गेले.

"कोपऱ्यावरच्या घरापुढे ताडपत्रीखाली गाडी उभी आहे ना," चार पानं माझ्या हातावर ठेवत काकू म्हणाल्या, "ती बोगस निघाली."

"काय सांगता! नवीन मर्सिडीजच्या वर किंमत आहे म्हणत होते सगळे."

"गाडी छान आहे गं. ती जी आहे म्हणून सांगत होते, ती ती नाही."

आम्ही राहतो डेट्रॉइटच्या उत्तरेला, ट्रॉयमध्ये. पश्चिमेला थोडं गेलं की वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यू लागतो. 1960च्या दशकात इथली पोरं रात्री या सिग्नलपासून त्या सिग्नलपर्यंत शर्यती लावायची ती याच रस्त्यावर. 1995 पासून दर ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी तिथेच जुन्या गाड्यांची जत्रा भरते. काका गाड्यांच्या धंद्यातच रिटायर झाले. काकूंनी कधी पाना हातात धरला नाही, पण जन्मभर आमटीभाताबरोबर गिअर आणि गॅस्केट ऐकून त्यांचं शिक्षण परस्पर झालेलं आहे.

"पहिल्यापासून सांगा," मी म्हटलं.

"कोपऱ्यावरचा म्हातारा गेला, ते तुला माहीतच आहे. त्याचं ओहायोत शेत होतं. तिथल्या बार्नमध्ये ही गाडी पडून होती. मुलानं ट्रेलरवर घालून आणली. शेवरोलेची शेव्हेल, 1969ची, पुढच्या जाळीवर एसएस 396ची, म्हणजे मोठ्या इंजिनाच्या 'सुपर स्पोर्ट'ची, पाटी. घ्यायला कोण निघालं होतं माहीत आहे? आपल्या मंडळातला तो नाशिकचा मुलगा. ईव्हीच्या बॅटऱ्यांवर काम करतो तो."

"दिवसभर बॅटऱ्या करायच्या आणि घरी आणायची ही पेट्रोल पिणारी?"

"हौस गं. पण हौसेला निदान अक्कल होती. चेक फाडायच्या आधी ह्यांच्याकडे आला. म्हणाला, काका, एकदा नजर टाका. हे काय, टॉर्च घेऊन तयारच. आणि ह्यांना मोतीबिंदू, त्यामुळे मागोमाग मी."

"पण काकू, त्या पाटीत एवढं काय असतं?"

"अगं, सगळं पाटीतच असतं! मसल कार म्हणजे काय, तर मधल्या चणीची साधी गाडी घ्यायची आणि तिच्यात मोठ्या गाडीचं इंजिन कोंबायचं. पाँटियाकनं 1964ला जीटीओ काढली आणि हे खूळ सुरू झालं. धड दहा वर्षंसुद्धा टिकलं नाही. इन्शुरन्सवाल्यांनी हप्ते वाढवले, धुराचे कायदे आले, 1973ला तेल महागलं, संपला खेळ. आता ज्या उरल्यात त्यांना सोन्याचा भाव. पण गंमत अशी की एखाद्या मास्तरानं शाळेत जायला घेतलेली साधी शेव्हेल मॅलिबू आणि वुडवर्डवर टायर जाळणारी एसएस, दोघींचा पत्रा एकच. पाटी लावली, इंजिन बदललं, बॉनेट बदललं की झाली एसएस. तशी करून विकणारे इथे पैशाला पासरी आहेत."

"मग खरी कोणती ते ओळखायचं कसं?"

"हे म्हणतात, जुनी गाडी घेणं म्हणजे स्थळाची चौकशी करणं. मुलाला विचारून काय उपयोग, तो आपलं चांगलंच सांगणार. त्याच्या घरमालकाला विचारा, ऑफिसातल्या शिपायाला विचारा, गावाकडच्या वाण्याला विचारा. तिघांची एकमेकांशी ओळख नको. तिघं वेगवेगळ्या वेळी एकच गोष्ट सांगत असतील तर ती खरी."

"गाडीचा वाणी कोण?"

"तेच सांगते. पहिला घरमालक म्हणजे नंबर. डॅशबोर्डवर पट्टी असते, काचेतून दिसते. हे आधी पट्टी बघतच नाहीत, तिच्या रिव्हेटी बघतात. जनरल मोटर्सच्या त्या काळच्या रिव्हेटीला सहा पाकळ्या असतात. साधी गोल डोक्याची रिव्हेट दिसली की समजायचं, कुणीतरी पट्टी काढून परत बसवलीय. तसं करणं इथे फेडरल गुन्हा आहे, बरं का."

"मग? पाकळ्या होत्या?"

"होत्या. पट्टी अस्सल. नंबर 13637नं सुरू. म्हणजे शेवरोले, मॅलिबू, व्ही-एट, दोन दारांची. म्हाताऱ्याचा मुलगा खूश झाला. म्हणाला, बघा, व्ही-एट! हे म्हणाले, बाबा रे, 1966 ते 68मध्ये नंबर 138नं सुरू झाला की डोळे मिटून एसएस म्हणायचं. 69ला कंपनीनं एसएस हे वेगळं मॉडेलच ठेवलं नाही, वरून घ्यायचं पॅकेज केलं. त्यामुळे एसएस असो की साधी, नंबर तोच. म्हणून तर नकली करणाऱ्यांना 69 आणि पुढची सालं आवडतात."

"पण कंपनीकडे नोंद असेल ना? कारखान्यातून काय बाहेर पडलं त्याची?"

"फोर्डची आहे. 1967पासूनच्या गाड्यांच्या नोंदी केव्हिन मार्टी म्हणून एक आहेत, त्यांच्याकडे कंपनीच्या परवान्यानं आहेत. नंबर कळवला की गाडीत मूळचं काय काय होतं ते छापून मिळतं. पाँटियाकचेही कागद मिळतात. पण अमेरिकेत विकलेल्या जुन्या शेवरोलेंचं तसं नाही. तिथे बिल्ड शीट शोधायची. कारखान्यात गाडी जोडताना कामगारांसाठी कागद असायचा, कुठलं इंजिन, कुठला अ‍ॅक्सल लावायचा ते लिहिलेला. काम झालं की कुणीतरी तो सीटच्या स्प्रिंगांत नाहीतर पेट्रोलच्या टाकीवर कोंबायचा. आम्ही मागची सीट उचलली तर उंदरांनी खाऊन भुगा केलेला."

"अरेरे!"

"मुलगा म्हणाला, तर मग सिद्धच होणार नाही ना काही, कशाला उगाच खोलात शिरता. हे काही न बोलता गाडीच्या मागे गेले आणि मला म्हणाले, वाक जरा, डिफरन्शियलच्या झाकणाचे बोल्ट मोज. मी मोजले. दहा."

"मग?"

"एसएस 396ला बाराचा अ‍ॅक्सल असतो. मुलगा म्हणाला, बदलला असेल कुणीतरी. असेलही. एका गोष्टीवरून कुणाला खोटं पाडायचं नाही, असं ह्यांचं म्हणणं. मग इंजिन बघितलं."

इथे काकूंनी कुंपणाच्या फळीवर कोपर टेकलं. आता मुद्द्याची गोष्ट येणार.

"उजव्या सिलिंडर हेडच्या पुढे दोन बोटं रुंद सपाट जागा असते. तिच्यावर कारखान्यात इंजिनाचा कोड ठोकलेला असतो. आधी गाव, मग महिना नि तारीख, मग कुठलं इंजिन त्याची अक्षरं. ही मोठी इंजिनं न्यूयॉर्क राज्यात टोनावांडाला व्हायची, म्हणून टी. नाशिकच्या मुलानं चिंधी थिनरमध्ये बुडवून हळूहळू पुसलं. तारेचा ब्रश लावू द्यायचा नाही, पुरावाच घासला जातो. वर आलं, टी 0225 आणि पुढची अक्षरं. 25 फेब्रुवारी. मग फायरवॉलवरची पत्र्याची पाटी बघितली. तिच्यावर 03बी. म्हणजे तिसऱ्या महिन्याचा दुसरा आठवडा, गाडीचा सांगाडा तयार झाला तो."

"इंजिन फेब्रुवारीतलं, गाडी मार्चमधली. जुळलं की!"

"अगदी छान जुळलं. ह्यांना तेच खुपलं. म्हणाले, कागद आणा. पुण्यात आरटीओत एजंट चॅसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल फिरवायचा, आठवतं ना? तसा कागद ठेवला नि पेन्सिल फिरवली. आकडे उमटले, पण आकड्यांमागची जमीन सपाट. कारखान्यात ती जागा यंत्रानं तासतात, त्याच्या बारीक समांतर रेघा राहतात, केसांइतक्या बारीक. पेन्सिल फिरवली की त्याही उमटायला हव्यात. एकही नाही. म्हणजे कुणीतरी ती जागा घासून जुने आकडे उडवले आणि नवे ठोकले."

"पण काकू, म्हाताऱ्यानं कधी इंजिन रिपेअरला दिलं असेल, तेव्हा वरून घासलं असेल."

"वा! शिकलीस की. मुलगाही हेच म्हणाला. होतं तसं, मशीन शॉपमध्ये ब्लॉक सपाट करतात तेव्हा रेघा जातात. म्हणून ह्यांनी शेवटचा साक्षीदार काढला. ठोकलेले आकडे घासता येतात. पण ब्लॉक ओततानाच साच्यातून एक तारीख वर येते, उठावाची. ती असते मागे स्टार्टरजवळ, कुणाची नजर जात नाही तिथे. हात जात नाही, मान जात नाही. मी पर्समधून पावडरचा आरसा काढून दिला. ह्यांनी तो खाली धरला, मुलानं उजेड पाडला, पण वाचायचं कुणी? ह्यांना दिसेना, आरशात सगळं उलटं. मग मीच मांडी घालून बसले जमिनीवर आणि वाचलं. ई, एकवीस, नऊ."

"म्हणजे?"

"ए जानेवारी, बी फेब्रुवारी, मोज."

मी बोटं मोजली. "मे. 21 मे 1969."

"गाडी मार्चमध्ये तयार, वर ठोकलेली तारीख फेब्रुवारी आणि ब्लॉकचं लोखंड ओतलंय मे महिन्यात. मुलगी जन्मायच्या आधी तिचं लग्न लागलं!" काकू स्वतःच हसल्या. "दुसऱ्या गाडीचं इंजिन. आणि नुसतं बसवलेलं नाही, ते मूळचंच वाटावं म्हणून वर खोटा कोड ठोकलेला. गाडी साधी मॅलिबू."

"बिचारा मुलगा."

"कोणता? आपला की त्यांचा? आपला तर हिरमुसलाच. म्हणाला, काका, असं बघायला गेलं तर कुठलीच जुनी गाडी टिकणार नाही. पन्नास वर्षांत कुणाचं इंजिन जागेवर राहतं? मग ह्यांनी त्याला बुलिटची गोष्ट सांगितली. ती खरं म्हणजे माझी गोष्ट आहे, पण नवऱ्यानं सुरू केली की मध्ये कशाला बोला."

"बुलिट म्हणजे तो स्टीव्ह मॅकक्वीनचा सिनेमा?"

"हो, 1968चा. सॅन फ्रान्सिस्कोच्या चढउतारांवर जवळजवळ अकरा मिनिटं नुसता पाठलाग. त्याच्यासाठी दोन हिरव्या मस्टँग घेतल्या होत्या, लागोपाठ नंबरच्या. एकीचा शेवट 558, दुसरीचा 559. दोघींच्या सुरुवातीला 8आर02एस. 8 म्हणजे 1968, आर म्हणजे कॅलिफोर्नियातला सॅन होजेचा कारखाना, 02 म्हणजे फास्टबॅक, एस म्हणजे 390चं इंजिन. 559मध्ये मॅकक्वीन बसायचा, 558 उड्या मारायला. सिनेमा संपला आणि दोघी कुठे गेल्या, लोकांना वर्षानुवर्षं पत्ता नाही."

"मग सापडल्या कशा?"

"559 हरवलीच नव्हती! न्यू जर्सीतल्या एकानं 1974ला मासिकातली जाहिरात बघून सहा हजार डॉलरना घेतली. त्याची बायको शाळेत शिकवायची. ती रोज त्या गाडीतून शाळेत जायची, बोल! 1977ला खुद्द मॅकक्वीननं पत्र पाठवलं, गाडी मला परत द्या म्हणून. नाही दिली. 1980ला क्लच गेला आणि गाडी गॅरेजात बसली ती बसलीच. जानेवारी 2018मध्ये इथेच, डेट्रॉइटच्या ऑटो शोमध्ये, मुलानं ती जगासमोर आणली. हे मला त्या थंडीत घेऊन गेले होते. मी म्हटलं, हे काय, रंग उडालाय, पत्रा गंजलाय, निदान पॉलिश तरी मारायचं! हे म्हणाले, पॉलिश मारलं असतं तर कुणी विश्वास ठेवला नसता. तिच्या खालच्या अंगाला कॅमेरा बसवायला केलेल्या वेल्डिंगच्या खुणा तशाच होत्या. 2020ला फ्लोरिडात लिलाव झाला, 37 लाख 40 हजार डॉलर आले."

"आणि 558?"

"ती खरी मजा. ती मेक्सिकोत, बाहा कॅलिफोर्नियात, भंगारात निघाली. ज्यांना मिळाली ते तिची दुसऱ्याच सिनेमातली मस्टँग करायला निघाले होते, ती 'गॉन इन सिक्स्टी सेकंड्स'मधली एलिनोर. म्हणजे खरीखुरी प्रसिद्ध गाडी हाताशी, आणि हे तिला नकली प्रसिद्ध गाडी करणार! कुणीतरी नंबर तपासला आणि सगळे चपापले. मार्टी स्वतः मेक्सिकोत जाऊन बघून आले. मूळचं इंजिन नाही, मूळचा रंग नाही. पण फोर्डच्या नोंदीतला नंबर, उड्या सोसाव्यात म्हणून पुढे सस्पेन्शनच्या जागी दिलेले जादा टेके, आणि डिकीच्या पत्र्याला वायरी न्यायला पाडलेली भोकं."

"भोकं?"

"हेच तर! नकली करणारा काय करतो? जे फोटोत दिसतं ते करतो. हिरवा रंग देईल, चाकं तसलीच आणेल, पाटी लावेल. डिकीत भोकं कोण पाडणार? कुणाला माहीतच नव्हती ती. म्हणून हे त्या मुलाला म्हणाले, इंजिन जागेवर असणं म्हणजे खरेपण नव्हे. त्या मस्टँगला इंजिनच नव्हतं तरी ती खरी ठरली, कारण तिच्या सगळ्या साक्षीदारांचं म्हणणं एक. या शेव्हेलचं सगळं जागच्या जागी आहे, आणि दोघा साक्षीदारांचंही जमत नाही."

मला पटलं. पण काकूंचा चेहरा अजून रिकामा झालेला नव्हता. त्यांनी मागे वळून आपल्या घराचं दार बंद आहे ना ते बघितलं.

"पुढचं ऐक. हे पुरुष बाहेर वाद घालत होते, मी म्हाताऱ्याच्या बायकोकडे, आजीबाईंकडे, आत चहा प्यायला गेले. त्यांना काही विचारायच्या आधीच त्या म्हणाल्या, इंजिन ना? पहिलं वुडवर्डवर फुटलं. त्यांचा नवरा एका ठोकलेल्या गाडीचं घेऊन आला. बुटाच्या खोक्यातून पावती काढून दिली, 1975ची, जुन्या 396 इंजिनाची. स्वॅप मीटला, जुन्या सुट्या भागांच्या बाजारात, एसएसची पाटी घेतली तिचीही चिठ्ठी आत. म्हणाल्या, इतक्या वर्षांत मला कुणी विचारलंच नाही."

"म्हणजे तुम्ही दोघं तासभर जमिनीवर लोळलात आणि उत्तर आत स्वयंपाकघरात होतं!"

"तसं नाही गं. आजीबाईंनी नुसतं सांगितलं असतं तर मुलगा म्हणाला असता, आईला आठवत नाही. पावती नुसती दाखवली असती तर म्हणाला असता, ती दुसऱ्या गाडीची. पण लोखंडावर मे महिना निघाला, अ‍ॅक्सलचे बोल्ट दहा निघाले आणि खोक्यातून पावती निघाली. या तिघांनी कुठे बसून कट केला होता? मग मुलगाही गप्प बसला."

"व्यवहार मोडला ना?"

"छे! झाला. मॅलिबूच्या भावात. विक्रीच्या कागदावर ह्यांनी लिहून घेतलं, मॅलिबू, इंजिन मूळचं नाही, एसएसची पाटी नंतर लावलेली. आपल्याला वाटतं नकल करणं म्हणजे पाप. इथे अशा गाड्यांना सरळ क्लोन म्हणतात, लोक हौसेनं बनवतात, जत्रेत मिरवतात, कुणाला काही वाटत नाही. वैगुण्य आधी सांगितलं तर तडजोड होते, लपवून नंतर कळलं तर कोर्टकचेरी. आता हा ऑगस्टमध्ये ती वुडवर्डवर काढणार आहे. पाटी ठेवू की काढू म्हणून ह्यांना विचारत होता."

"काका काय म्हणाले?"

"म्हणाले, ठेव, पण विचारलं की खरं सांग."

मला आता शेवटची शंका राहिली होती. "काकू, पण तो खोटा कोड ठोकला कुणी? म्हाताऱ्यानं इंजिन घेतलं ते उघड, पावतीसकट. मग आकडे घासून नवे ठोकायचं काम कुणाचं?"

काकू जवळ आल्या. "गॅरेजात स्क्रूड्रायव्हर हवा होता म्हणून मी म्हाताऱ्याचा ड्रॉवर उघडला. आत अक्षरांचे पंच. पोलादी, ए पासून झेड आणि शून्य ते नऊ, लाकडी खोक्यात नीट लावलेले. टी जरा जास्त झिजलेला."

"तुम्ही सांगितलंत कुणाला?"

"कशाला? त्यानं कधी गाडी विकली नाही, विकायला काढलीसुद्धा नाही. वुडवर्डवर उभी करून लोकांना बॉनेट उघडून दाखवत असेल, तेवढंच त्याचं सुख. फसवणूक झाली असती ती त्याच्या मुलाच्या हातून, न कळत, आणि ती टळली. मी ड्रॉवर लावला, दुसऱ्यातून स्क्रूड्रायव्हर घेतला. आजीबाईंना काय वाटलं असतं?"

एवढ्यात काका अंगणात आले. हातात काकूंचा पावडरचा आरसा, त्याला ग्रीस लागलेलं.

"काय चाललंय गुपचूप?" त्यांनी विचारलं.

"काही नाही काका," मी म्हटलं, "काकू ते पंच सापडले त्याचं..."

"कसले पंच?" काकू माझ्याकडे बघून इतक्या निरागसपणे म्हणाल्या की क्षणभर मलाच वाटलं, मी कुठल्या दुसऱ्याच घरातली गोष्ट ऐकून आले. "तू आधी घरी जा, तुझा भात करपला असेल. आणि अहो, तो आरसा इकडे द्या. ग्रीस साबणानं जाणार नाही, रॉकेलसारखं काहीतरी बघा."